मुक्त प्रकल्प, बंदिस्त लायब्ररी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून परवान्यांबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकाच अर्थाचे चार आले तिथे एक ठेवलाय. बहुतेक पत्रांत दोन गोष्टींची गल्लत असते: "हे वाटायची मला परवानगी आहे का?" आणि "घेणाऱ्याच्या हातात मोकळीक पोचते का?" पहिल्याचं उत्तर "हो" असूनही दुसऱ्याचं "नाही" असू शकतं. उत्तरं वाचताना हा फरक डोक्यात ठेवा. मी वकील नाही, डिपेंडन्सी (प्रोग्राम ज्यांच्यावर उभा असतो त्या बाहेरच्या लायब्रऱ्या) तपासून तपासून डोळे शिणवलेला मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, आहे. नोटीस आली असेल तर वकील गाठा.

१. प्रकल्पाच्या लायसन्स फाइलमध्ये जीपीएल आहे. म्हणजे प्रकल्प मुक्त झाला ना?

तुमचा कोड मुक्त झाला. जीपीएल म्हणजे बदललेला कोड वाटताना तोही त्याच परवान्याखाली द्या, असं सांगणारा परवाना. प्रकल्पाचं काय, हे तो चालवायला आणखी काय लागतं त्यावर ठरतं. एखाद्या बंदिस्त लायब्ररीशिवाय (लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड) प्रोग्राम सुरूच होत नसेल, तर घेणाऱ्याला तुमची प्रत्येक ओळ बदलता येते, पण त्या लायब्ररीपाशी पोचला की त्याचे हात बांधलेले.

डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनने अशा प्रकल्पांसाठी वेगळा कप्पाच केलाय. "मेन"मध्ये मुक्त आणि मुक्तावरच चालणारं, "नॉन-फ्री"मध्ये बंदिस्त, आणि "कॉन्ट्रिब"मध्ये स्वतः मुक्त असलेलं पण बंदिस्त वस्तूवाचून अडणारं. कॉन्ट्रिबमधलं पॅकेज अधिकृतपणे डेबियनचा भाग धरलं जात नाही. लेखकाने परवाना कितीही उदार लावलेला असो.

२. बंदिस्त म्हणजे पैसे देऊन घ्यावी लागणारी लायब्ररी का?

नाही. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे तिकडे हा खुलासा जन्मभर करत बसावं लागतं. मराठीत दोन शब्द आहेत, ते वापरू या. फुकट लायब्ररी बंदिस्त असू शकते आणि मुक्त लायब्ररी विकताही येते.

कसोटी चार स्वातंत्र्यांची: कशासाठीही चालवणं, आतलं पाहून बदलणं, प्रती वाटणं, बदललेल्या प्रती वाटणं. यातलं एक जरी अडलं तरी लायब्ररी बंदिस्त. आरएआर प्रकारच्या दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या अनरारचं उदाहरण घ्या. सोर्स मिळतो, पैसे लागत नाहीत, बदलही करता येतात. पण तो कोड वापरून आरएआरची दाबण्याची पद्धत नव्याने उभी करू नये, अशी अट आहे. तेवढ्या अटीमुळे ते डेबियनच्या नॉन-फ्रीमध्ये आहे. "फक्त शिक्षणासाठी", "व्यापारी वापर वगळून", "लष्करी वापर वगळून" ही त्याच जातीची कलमं. हेतू चांगला असला तरी पहिलं स्वातंत्र्य तिथेच संपतं (प्रश्न १४ पाहा).

३. सोर्स गिटहबवर सगळ्यांना दिसतोय, पण परवाना कुठेच नाही. वापरू ना?

नको. बर्न करारानुसार कॉपीराइट आपोआप लागतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. परवान्याची फाइल नसली तर अर्थ "सगळ्यांसाठी खुलं" असा होत नाही. "सर्व हक्क राखीव" असाच होतो. गिटहबच्या अटींनुसार इतरांना तो कोड तिथे पाहता येतो आणि तिथल्या तिथे फोर्क करता येतो, म्हणजे त्याची स्वतःची वेगळी प्रत काढता येते, एवढंच.

एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं कोठार, वापरणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. पॅकेजच्या परवान्याच्या रकान्यात "अनलायसन्स" लिहिलं असेल तर लेखकाने कॉपीराइटवर पाणी सोडलेलं असतं. "अनलायसन्स्ड" लिहिलं असेल तर कोणालाही कसलाच हक्क दिलेला नसतो. एका अक्षराने अर्थ उलटा. मी स्वतः एका पॅकेजला यात फसलो आहे आणि नंतर आठवडाभर ते उपटत बसलोय.

४. मग माझा मुक्त प्रोग्राम बंदिस्त लायब्ररीवर लिहायचाच नाही का? कायद्याने बंदी आहे?

सरसकट बंदी नाही. तुमच्या कोडवर कोणता परवाना आहे आणि तो कोड कोणाचा आहे, यावर ठरतं.

एमआयटी, बीएसडी, अपाचे असे सैल परवाने असतील तर तुमच्या बाजूने अडचण नाही. बंदिस्त लायब्ररीच्या अटी तेवढ्या पाळायच्या.

जीपीएल असेल आणि सगळा कोड तुम्ही एकट्याने लिहिलेला असेल, तर तुम्ही स्वतःवर खटला भरणार नाही. पण तुमचा प्रोग्राम पुढे वाटणारा पेचात पडतो. जीपीएल त्याला सांगते, एकत्र झालेली सगळी कृती जीपीएलखाली दे. बंदिस्त लायब्ररी सांगते, मला देता येणार नाही. म्हणून लेखी अपवाद जोडावा लागतो (प्रश्न ५).

जीपीएल असेल आणि आत इतरांचा जीपीएल कोडही असेल, तर तुमच्या एकट्याच्या मर्जीने काहीच होत नाही.

हे सगळं झालं परवानगीचं. मोकळिकीचा प्रश्न तिन्ही ठिकाणी जसाच्या तसा उरतो. जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा सल्लाही साधारण हाच: अपवाद देऊन वाटता येईल, पण शक्यतो अशा लायब्ररीवर बांधू नका, आणि बांधलंच तर तिचा मुक्त पर्याय उभा करण्याकडे लक्ष द्या.

५. हा अपवाद जोडायचा कसा?

जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीतलं ७ वं कलम जादा परवानगीची सोय देतं. लायब्ररीचं नाव घेऊन "हा प्रोग्राम अमुक लायब्ररीशी जोडून वाटण्यास परवानगी आहे" असं परवान्याच्या सूचनेत लिहायचं. दुसऱ्या आवृत्तीत असं कलम नाही, पण कॉपीराइटधारक स्वतःच्या कोडवर जादा परवानगी केव्हाही देऊ शकतो. नाव स्पष्ट लिहा. "कोणत्याही लायब्ररीशी" असं लिहिणं म्हणजे दार सताड उघडं टाकणं.

खरी मेहनत वेगळीच आहे: ज्यांचा ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांची संमती. एक ओळ सुधारणाऱ्याचं सोडून द्या, पण शंभर ओळी लिहून सहा वर्षांपूर्वी गायब झालेल्याचं काय? व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने २०११-१२ मध्ये आपलं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर (जीपीएलचंच सैल रूप, मुख्यतः लायब्रऱ्यांसाठी) नेलं, तेव्हा शेकडो जणांना शोधून विचारावं लागलं. तुमच्याकडे पाचच जण असतील तर आजच विचारून घ्या. पुढे ते पन्नास होतील.

६. लायब्ररी मी देतच नाही. वापरणाऱ्याने स्वतः डाउनलोड करून जोडावी. मग तर प्रश्न मिटला?

ही युक्ती जुनी आहे. क्लिस्प या लिस्प दुभाष्याच्या लेखकाने साधारण हाच मार्ग सुचवला होता, फक्त बाजू उलटी होती. रीडलाइन ही जीपीएलमधली लायब्ररी आपण वाटत नाही, जोडणारा जोडून घेईल, असा त्याचा मुद्दा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांच्याशी पत्रव्यवहार झाला आणि शेवटी १९९२ मध्ये क्लिस्पच जीपीएलखाली आलं. युक्तिवाद कोणाचा बरोबर, यावर अजून वाद घालणारे आहेत. पण "फक्त जोडणी दुसऱ्याकडून करून घेतली" एवढ्यावर विसंबून प्रकल्प उभा करू नये.

आणि मोकळिकीच्या दृष्टीने तर काहीच बदलत नाही. बंदिस्त तुकडा तुम्ही दिला काय किंवा त्याने आणला काय, त्याच्याशिवाय प्रोग्राम चालत नाही ते नाहीच.

७. स्टॅटिक ऐवजी डायनॅमिक लिंक केलं तर चालतं असं ऐकलंय.

स्टॅटिकमध्ये लायब्ररी प्रोग्रामच्या फाइलीतच मिसळते, डायनॅमिकमध्ये ती वेगळी राहते आणि चालवताना जोडली जाते. तुम्ही एलजीपीएलबद्दल ऐकलं असणार. तिथे हा फरक कामाचा आहे, कारण वापरणाऱ्याला लायब्ररीची बदललेली आवृत्ती घालता आली पाहिजे अशी तिची अट आहे आणि डायनॅमिक जोडणीत ती सहज पाळली जाते. जीपीएलबाबत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन दोन्ही जोडण्या सारख्याच मानतं.

दोन स्वतंत्र प्रोग्राम पाइप, सॉकेट किंवा कमांडलाइनवरून एकमेकांशी बोलत असतील, तर ते साधारणपणे वेगळे धरले जातात. पण आतल्या गुंतागुंतीच्या डेटा रचना इकडून तिकडे फिरत असतील, तर मध्ये पाइप आहे म्हणून ते वेगळे ठरतील असं नाही.

८. विंडोजच्या लायब्रऱ्या बंदिस्त आहेत. तरी जीपीएलचे प्रोग्राम विंडोजवर चालतात. ते कसं?

सिस्टम लायब्ररीच्या सवलतीमुळे. ऑपरेटिंग सिस्टमच्या मुख्य भागांबरोबर जे नेहमी येतं, त्याचा सोर्स द्यायची सक्ती जीपीएल करत नाही. ही तरतूद नसती तर सुरुवातीच्या काळात, मुक्त ऑपरेटिंग सिस्टम नव्हती तेव्हा, स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचे प्रोग्राम बंदिस्त युनिक्सवर चाललेच नसते.

सवलत ताणू नका. दुसऱ्या आवृत्तीत ती सिस्टमचा तो भाग प्रोग्रामसोबतच वाटला तर लागू होत नाही. ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीचा परवाना जीपीएलशी जुळत नव्हता (प्रश्न १२). तिच्याबाबत याच मुद्द्यावर फेडोरा (दुसरं लिनक्स डिस्ट्रिब्युशन) आणि डेबियन अनेक वर्षं वेगळं वागले. फेडोराने ती सिस्टम लायब्ररी मानली. डेबियन म्हणे, आम्ही दोन्ही एकाच ठिकाणाहून वाटतो, मग सवलत कसली? तुम्ही इंटरनेटवरून आणलेला एसडीके (कंपनीने दिलेला लायब्रऱ्यांचा संच) मात्र कोणत्याच वाचनाने सिस्टम लायब्ररी होत नाही.

९. एवढा बाऊ का? लायब्ररी चांगली आहे, कंपनी भली आहे. प्रत्यक्षात काय बिघडतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर.

१९९६ मध्ये केडीई सुरू झालं. लिनक्सला देखणा डेस्कटॉप हवा होता आणि त्यासाठी ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीची क्यूटी ही लायब्ररी हाताशी होती. सोर्स मिळायचा, मुक्त प्रोग्रामसाठी पैसे लागत नव्हते, पण क्यूटी बदलून वाटायची मुभा नव्हती. केडीईचा स्वतःचा कोड मात्र जीपीएलमध्ये. म्हणजे परवानगीचा आणि मोकळिकीचा, दोन्ही प्रश्न एकदम. परिणाम असा की १९९७ मध्ये केवळ या कारणाने ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू झाला, हार्मनी नावाने क्यूटीची मुक्त प्रतिकृती लिहायचा घाट घातला गेला आणि १९९८ मध्ये डेबियनने केडीई काढून टाकलं. ट्रोलटेकने आधी क्यूपीएल हा नवा परवाना आणला. तो मुक्त होता, पण जीपीएलशी जुळत नव्हता. शेवटी २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आली आणि २००९ मध्ये एलजीपीएलखालीही. चांगलं झालं, पण मधल्या वर्षांत शेकडो माणसांची मेहनत दोन डेस्कटॉपांत विभागली गेली, ती गेलीच.

जावाची गत तशीच. भाषा सगळ्यांना आवडायची, लोक मुक्त परवाने लावून ढीगभर प्रोग्राम लिहायचे आणि ते चालवायला सन कंपनीचं बंदिस्त जावा लागायचं. २००४ मध्ये स्टॉलमन यांनी याला सापळा म्हटलं. जावाच्या लायब्रऱ्यांची मुक्त प्रतिकृती करणारे ग्नू क्लासपाथवाले दुसरीकडे वर्षानुवर्षं एकेक वर्ग (क्लास) नव्याने लिहीत होते. सनने २००६ मध्ये जीपीएलची घोषणा केली आणि २००७ मध्ये बहुतेक कोड खुला केला. बहुतेक, सगळा नाही. काही तुकडे सनच्या मालकीचेच नव्हते. ते आइसटी प्रकल्पाने मुक्त कोडने भरून काढले.

तिसरी गोष्ट लायब्ररीची नाही, हत्याराची आहे, पण धडा तोच. लिनक्स कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या हत्यारावर चालायचं. बंदिस्त, पण फुकट. एप्रिल २००५ मध्ये फुकट आवृत्ती मागे घेतली गेली. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात गिट लिहायला घेतलं आणि ते आज आपण सगळे वापरतो. लोक याला सुखान्त म्हणतात. तुमच्या प्रकल्पात त्या तोडीचा माणूस मोकळा बसलाय का, ते आधी बघा.

१०. माझ्या प्रकल्पात असं काही आहे का, हे कसं शोधू?

वरवरची यादी बघून भागत नाही. तुम्ही आणलेल्या लायब्ररीने काय आणलं आणि त्याने पुढे काय आणलं, तिथपर्यंत जायचं.

माझाच अनुभव. स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढणारं एक छोटं हत्यार मी लिहिलं होतं. थेट डिपेंडन्सी सातच, सगळ्या एमआयटी नाहीतर बीएसडी. आवृत्ती काढायच्या आदल्या रात्री सहज लॉक फाइल (बसवलेल्या सगळ्या डिपेंडन्सींची यादी) उघडली, तर आत एकशे चाळीसच्या वर नावं. तेहतिसावं नाव उघडलं. परवान्याच्या रकान्यात "लायसन्स फाइल पाहा". फाइल उघडली तर पहिले दोन परिच्छेद शब्दशः एमआयटी आणि तिसऱ्यात एकच ओळ: "व्यापारी उत्पादनात वापरण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी." तपासणीच्या स्क्रिप्टने पहिले शब्द बघून त्याला एमआयटी ठरवलं होतं. चौथ्या पायरीवरची, प्रतिमेचा कोन सरळ करणारी तीनशे ओळींची लायब्ररी होती ती. त्या तीनशे ओळी मी दोन दिवसांत पुन्हा लिहिल्या. आवृत्ती आठवडाभर लांबली.

म्हणून असं करा. लॉक फाइलमधून पूर्ण झाड काढा. प्रत्येक भाषेत यासाठी हत्यारं आहेत: पायथनला पिप-लायसन्सेस, रस्टला कार्गो-डेनी, आणि फाइलीफाइलीत शिरून बघायचं तर स्कॅनकोड. चालणाऱ्या परवान्यांची यादी एसपीडीएक्सच्या (परवान्यांची ठरावीक छोटी नावं) नावांनी लिहा आणि यादीबाहेरचं काही आलं की बिल्ड अडू द्या. "माहीत नाही", "इतर", "फाइल पाहा" असं जिथे येईल ते हाताने उघडून वाचा. कंटाळवाणं आहे. पण घोळ असतो तो नेमका तिथेच.

११. पॅकेजवर जो परवाना लिहिलाय तो खरा धरायचा ना?

बहुधा खरा असतो. नसतो तेव्हा काय होतं ते रुबीवाल्यांना विचारा. माइममॅजिक नावाची लायब्ररी एमआयटी म्हणून मिरवत होती आणि रेल्स या रुबीतल्या वेब चौकटीच्या डिपेंडन्सींच्या झाडात बसलेली होती. मार्च २०२१ मध्ये लक्षात आलं की तिच्या आतली फाइल-प्रकारांची यादी जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या प्रकल्पातून उचललेली आहे. लेखकाने जुन्या आवृत्त्या काढून घेतल्या आणि जगभरचे रेल्सचे बिल्ड एका दिवसात आडवे झाले. इथे कोणीच बंदिस्त नव्हतं, दोन्ही बाजू मुक्त. लेबल तेवढं चुकलं होतं.

१२. दोन्ही परवाने मुक्त आहेत, तरी "जुळत नाहीत" म्हणतात. हे काय प्रकरण?

मुक्त असणं वेगळं, एकमेकांत मिसळता येणं वेगळं. ओपनएसएसएलच्या जुन्या परवान्यात जाहिरातीत नाव घेण्याची अट होती. जीपीएल जादा अटी लादू देत नाही, म्हणून दोघांचं जमेना. पुष्कळ प्रकल्पांनी प्रश्न ५ मधला अपवाद जोडला, काहींनी त्याऐवजी ग्नूटीएलएस ही लायब्ररी घेतली. २०२१ मध्ये ३.० आवृत्ती अपाचे २.० खाली आली. ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, नुसत्या दुसऱ्या आवृत्तीशी अजूनही नाही.

झेडएफएस ही फाइल सिस्टम आणि लिनक्स कर्नल यांचं भांडण याच जातीचं आहे. झेडएफएसचा परवाना सीडीडीएल, तोही मुक्त; कर्नलची जीपीएल, तीही मुक्त. उबुंटूने २०१६ मध्ये दोन्ही एकत्र दिले, सॉफ्टवेअर फ्रीडम कंझर्व्हन्सीने हे जीपीएलचं उल्लंघन आहे असं जाहीर म्हटलं. अशा वेळी फक्त परवानगीचा प्रश्न अडलेला असतो; वापरणाऱ्याच्या मोकळिकीला धक्का नसतो.

१३. एफएफएमपेग बांधताना शेवटी "नॉनफ्री, वाटता येणार नाही" असं येतं. घाबरायचं का?

एफएफएमपेग म्हणजे आवाज आणि व्हिडिओच्या फाइली बदलणारं हत्यार. ते स्वतःच्या मशीनवर वापरायचं असेल तर मुळीच नाही. जीपीएलचे भाग आणि फ्राउनहोफरची एएसी ही आवाजाची लायब्ररी एकत्र हवी असतील, तर "इनेबल-नॉनफ्री" हा पर्याय द्यावा लागतो. त्यातून तयार झालेली बायनरी तुम्ही चालवू शकता, दुसऱ्याला देऊ शकत नाही. डॉकरची प्रतिमा (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल) सार्वजनिक ठिकाणी चढवणं म्हणजे देणंच, हे लोक विसरतात.

गंमत म्हणजे ती एएसी लायब्ररी बंदिस्त आहे की नाही यावरच एकमत नाही. डेबियनने तिला नॉन-फ्रीमध्ये ठेवलंय. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन परवाना मुक्त मानतं, पण जीपीएलशी न जुळणारा. एफएफएमपेगची सूचना दोन्ही बाजूंनी बरोबर ठरते.

१४. "हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावे, वाईट कामासाठी नाही." हे तर विनोदाने लिहिलंय. त्याचं काय मनावर घ्यायचं?

जेएसओएन परवान्यातलं हे वाक्य. चांगलं-वाईट ठरवणार कोण, आणि ठरवेपर्यंत वापरायचं की थांबायचं? वापराच्या हेतूवर अट आली की लायब्ररी मुक्त राहत नाही, म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि डेबियन दोघांनीही ती नाकारली. अपाचे फाउंडेशनने आधी चालवून घेतलं होतं, २०१६ मध्ये बंद केलं. परवान्यात विनोद करू नये असं माझं स्वच्छ मत आहे. वकिलाला हसू येत नाही.

१५. लायब्ररी मुक्त होती, आता कंपनीने परवाना बदलला. माझ्या प्रकल्पाचं काय?

जी आवृत्ती मुक्त परवान्याखाली मिळाली ती मुक्तच राहते. बदल पुढच्या आवृत्तीपासून. पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही पुढच्याच आवृत्तीत येणार, म्हणून जुन्या आवृत्तीला खिळून बसणं हा मुक्काम नव्हे, थांबा.

मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये एसएसपीएल हा स्वतःचा नवा परवाना आणला. टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं हत्यार ऑगस्ट २०२३ मध्ये मुक्त एमपीएलवरून बीएसएल या बंदिस्त परवान्यावर गेलं आणि ओपनटोफू हा फोर्क निघाला. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडलं. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा त्याचा फोर्क उभा राहिला. पुढे मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या जीपीएलच्या भावंडाचा पर्याय देऊन दार पुन्हा किलकिलं केलं.

मोठ्या लायब्ररीचा फोर्क निघतोच असं धरून चालू नका, पण निघाला तर त्याच्यामागे कोण उभं आहे ते पाहा. एकटा रागावलेला माणूस असेल तर सहा महिने थांबा. बीएसएलबद्दल एक लक्षात ठेवा: ठरलेल्या मुदतीनंतर, जास्तीत जास्त चार वर्षांनी, ती आवृत्ती मुक्त होते. तोवर ती बंदिस्तच धरायची.

१६. बंदिस्त लायब्ररी ऐच्छिक आहे. नसली तरी प्रोग्राम चालतो. मग?

मग बहुतेक ठीक. कसोटी एवढीच की तिच्याशिवायचा प्रोग्राम खरोखर उपयोगाचा आहे का. बंदिस्त भाग काढल्यावर फक्त "लायब्ररी सापडली नाही" असा संदेश दाखवणारी खिडकी उघडत असेल, तर "ऐच्छिक" हा शब्द नावापुरता.

डेबियनचा नियम इथे उपयोगी पडतो. मेनमधलं पॅकेज बाहेरच्या पॅकेजवर अवलंबून राहू शकत नाही, त्याची शिफारसही करू शकत नाही; नुसतं सुचवू शकतं. मुक्त पर्याय आधी लिहिलेला असेल तर बंदिस्त पर्याय त्याच्यामागे "किंवा" म्हणून येऊ शकतो. तुमच्या इन्स्टॉलरलाही हाच क्रम लावा. न विचारता जे बसतं ते मुक्त असावं.

पायटॉर्च ही एआयची लायब्ररी हे चांगलं उदाहरण. ग्राफिक्स कार्डावर गणितं चालवणारं एनव्हीडियाचं कुडा बंदिस्त आहे, पण पायटॉर्च नुसत्या सीपीयूवर चालतं, म्हणून डेबियनमध्ये ते मेनमध्ये आहे आणि त्याची कुडावाली आवृत्ती कॉन्ट्रिबमध्ये. तुम्ही स्वतः कुडाचे कर्नल (कार्डावर चालणारे कोडचे तुकडे) लिहीत असाल तर एएमडीच्या हिपचा विचार करा, त्याची रचना कुडाला पुष्कळ जवळची आहे. वेग थोडा कमी मिळेल म्हणून लोक कुरकुरतात. सीपीयूवर चालणारी मंद वाट तरी ठेवाच, चाचण्यांनाही ती लागते.

१७. अँड्रॉइड ॲपमध्ये नोटिफिकेशनसाठी फायरबेस आहे. एफ-ड्रॉइड घेईल का?

तसंच्या तसं नाही. एफ-ड्रॉइड म्हणजे फक्त मुक्त ॲप ठेवणारं कोठार; फायरबेस गूगलचं. ॲपच्या आत बंदिस्त लायब्ररी असलेली एफ-ड्रॉइडला चालत नाही. प्ले सर्व्हिसेस आणि फायरबेसची क्लायंट लायब्ररी त्यातच मोडतात. रूढ उपाय म्हणजे ग्रेडल या बिल्डच्या हत्यारात दोन फ्लेवर (एकाच ॲपची दोन रूपं) करणं: एक फायरबेससह, एक त्याच्याविना. दुसऱ्यात नोटिफिकेशनसाठी युनिफाइडपुश हा मुक्त पर्याय घालता येतो.

चूक कुठे होते ते सांगतो. कोडमधून फायरबेस काढलं जातं, पण बिल्ड फाइलमधली त्याच्या प्लगइनची ओळ दोन्ही फ्लेवरना लागू राहते. एफ-ड्रॉइडचा स्कॅनर तिथे अडतो आणि लोक स्कॅनरला शिव्या देतात.

ॲप मुक्त आहे पण बंदिस्त सर्व्हरशीच बोलतं, हा वेगळा प्रश्न. ते घेतलं जातं, त्यावर "नॉनफ्रीनेट" असा शिक्का मारून. लायब्ररी तुमच्या मशीनवर नसते, पण सर्व्हर बंद झाला की ॲप विटेसारखं पडून राहतं, म्हणून शिक्का योग्यच आहे.

१८. बंदिस्त हत्यार फक्त बिल्ड करताना लागतं. चालवताना काहीच लागत नाही. हेही मोजायचं?

हो. बदल करून पुन्हा बांधता आलं नाही तर दुसरं स्वातंत्र्य कागदावरच राहिलं. संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचा कोड जीपीएलमध्ये आहे, पण त्याच्या बायोसचा भाग कंपाइल करायला ओपन वॉटकॉम हा कंपायलर लागतो आणि त्याचा परवाना डेबियन मुक्त मानत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने तो मान्य केलेला आहे, तरीही. तेवढ्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स कॉन्ट्रिबमध्ये गेलं.

१९. फाँट, आयकन, चाचणीचा डेटा, एआयचं मॉडेल यांनाही हेच लागू का?

प्रोग्राम त्यांच्याशिवाय चालत नसेल तर हो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे "अव्यापारी" आणि "बदल नको" हे प्रकार मुक्त नाहीत. ओएफएल या फाँटसाठीच्या परवान्यातला फाँट सुटा विकता येत नाही, तरी तो मुक्त धरला जातो, कारण कोणत्याही छोट्या प्रोग्रामसोबत दिला की ती अट पुरी होते.

मॉडेलच्या बाबतीत "ओपन" हा शब्द फार सैल वापरला जातो. जुलै २०२३ मध्ये आलेल्या मेटाच्या लामा २ या मॉडेलच्या परवान्यात महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्यांना वेगळी परवानगी मागावी लागते, आणि त्याच्या उत्तरांवरून दुसरं भाषा-मॉडेल सुधारायला मनाई आहे. तुम्हाला ७० कोटी वापरकर्ते मिळणार नाहीत, मान्य. प्रश्न २ मधली कसोटी मात्र आकडा विचारत नाही.

२०. बंदिस्त लायब्ररी सापडली, आणि आवृत्ती तर वाटून झाली. आता?

आधी डाउनलोड थांबवा, मग चर्चा करा. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदाच चुकणाऱ्याला सवलत आहे: नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तर हक्क कायमचे परत मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत उल्लंघन झालं की हक्क आपोआप संपतात.

मग क्रमाने पर्याय बघा: मुक्त बदली लायब्ररी, तो भाग वेगळ्या प्लगइनमध्ये काढणं (प्रश्न १६), स्वतः लिहिणं. आणि या तिन्हींच्या आधी, लेखकाला विचारणं. परवाना लावायचा राहून गेलेला असतो, किंवा "अव्यापारी" कलम कुठून तरी चिकटवलेलं असतं. मी पाठवतो तो मजकूर असा:

"नमस्कार. तुमची अमुक लायब्ररी आम्ही आमच्या मुक्त प्रकल्पात वापरू इच्छितो. रेपोमध्ये परवान्याची फाइल दिसली नाही. एमआयटी, अपाचे २.० किंवा तुम्हाला पसंत असलेला दुसरा कोणताही मुक्त परवाना लावता येईल का? हरकत नसेल तर फाइल जोडणारी पुल रिक्वेस्ट मीच पाठवतो. नको असेल तर तसं कळवा, आम्ही दुसरी सोय करू."

शेवटचं वाक्य गाळू नका. नकार देणं सोपं केलं की लोक उत्तर देतात. "वापरा की खुशाल" असं नुसतं मेलमध्ये आलं तर ते पुरत नाही. ती परवानगी तुम्हाला मिळाली, तुमच्याकडून घेणाऱ्याला नाही. फाइल रेपोमध्येच हवी.

२१. लेखक सापडतच नाही. लायब्ररी दहा वर्षं बेवारस पडलीये. वापरली तर कोण विचारणार?

बेवारस दिसली तरी ती कोणाच्या तरी मालकीची आहे. बर्न करारानुसार कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही किमान ५० वर्षं टिकतो, बऱ्याच देशांत त्याहून जास्त. वारस असतात, लेखकाची जुनी कंपनी कोणीतरी विकत घेतलेली असते.

पण हात टेकण्याआधी जुन्या आवृत्त्या उकरा. परवाना नंतर आवळला गेलेला असतो, असं पुष्कळदा निघतं. दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं एसएसएच १९९५ मध्ये आलं ते बऱ्यापैकी मोकळ्या परवान्याखाली, पुढच्या आवृत्त्यांत अटी वाढत गेल्या. ब्यॉर्न ग्रोनवॉल यांनी मागे जाऊन १.२.१२ ही शेवटची पुरेशी मुक्त आवृत्ती शोधली आणि तिच्यातल्या चुका दुरुस्त केल्या. ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या मंडळींनी १९९९ मध्ये तिथूनच ओपनएसएसएच उभं केलं. तुमच्या लायब्ररीचा जुना टारबॉल एखाद्या डिस्ट्रिब्युशनच्या संग्रहात मिळू शकतो. उघडलात की आधी परवान्याची फाइल वाचा, आणि प्रत्येक सोर्स फाइलच्या माथ्यावरचा मजकूरही. दोन्ही जुळले तर तिथून पुढे न्या. नाही जुळले तर ती लायब्ररी काय करते हे आपल्या शब्दांत लिहून काढा, आणि तिचा कोड कधीच न पाहिलेल्या कोणाला तरी त्यावरून नवी लिहायला सांगा.